किड्यांचें वैद्यक व अंड्यांची शुद्धि

बैलाच्या खांद्यावरील जखमेंत किडे पडले असें कळतांच शेतकरी हातचें काम टाकून गोठ्याकडे धांवतो, आणि तें योग्यच होय. जखमेंतला किडा म्हणजे नास, ही आपली समजूत पिढ्यान्‌पिढ्यांच्या अनुभवानें बनलेली आहे. असें असतां विलायतेंतील व अमेरिकेंतील रुग्णालयांत डॉक्टर आपल्या हातानें रोग्याच्या जखमेंत माशीच्या अळ्या सोडतात, आणि त्या अळ्या प्रयोगशाळेंतून पैसे देऊन आणवितात, असें कोणीं सांगितलें तर ऐकणाऱ्यास ती थट्टा वाटेल. परंतु ही गोष्ट खरी आहे. ती अर्धीच ऐकून कोणी आपल्या पायाच्या अथवा जनावराच्या जखमेंतले किडे तसेच राहूं देईल, तर मात्र प्राणावर बेतेल. म्हणून ती संपूर्ण, आणि आपल्या वऱ्हाडाच्या शेतीशीं ताडून, वाचकांपुढें मांडण्याचें आम्हीं योजिलें आहे. या सर्व प्रकरणाचें मर्म अळींत नसून तिच्या अंड्याच्या शुद्धींत आहे, हें आरंभींच सांगून ठेवतों.

जुना अनुभव

किड्यांकडून सडका भाग खाववावा ही कल्पना नवी नाहीं. सुश्रुतसंहितेच्या चिकित्सास्थानांत अर्बुदाच्या, म्हणजे वाढत्या गांठीच्या, उपचारांत पावटे, पेंड व कुळीथ यांचा कल्क मांस व दह्याची निवळ घालून लावावा, म्हणजे त्यावर माशा बसून कृमि पडतील, आणि कृमींनीं खाऊन थोडा भाग उरला म्हणजे तो खरवडून अग्नीनें डाग द्यावा, असा प्रकार सांगितला आहे. कृमींच्या मागून शेवटीं अग्नि आणावा लागे, ही गोष्ट ध्यानांत ठेवण्यासारखी आहे.

युरोपांत आंब्रवाझ पारे या शस्त्रवैद्यानें १५५७ च्या सेंट क्वेन्टिनच्या लढाईंत जखमांतील अळ्या पाहिल्या. नेपोलियनचा शस्त्रवैद्य लारे यास मिसर व सीरियाच्या स्वारींत असें आढळलें कीं, अळ्या मेलेलें मांस तेवढें खातात व जिवंत मांसास सोडून देतात. अमेरिकेच्या १८६१ ते १८६५ च्या यादवी युद्धांत झकारियास नांवाच्या डॉक्टरानें तर त्या मुद्दाम जखमेंत घातल्या.

यास शास्त्राचें रूप दिलें तें विल्यम बेअर या अमेरिकन शस्त्रवैद्यानें. १९१७ सालीं फ्रान्सच्या रणभूमीवर त्याच्याकडे दोन सैनिक आणले गेले. मांडीचीं हाडें मोडलेलीं, पोटाला मोठ्या जखमा, आणि सात दिवस अन्नपाण्यावांचून रणांगणांत पडून राहिलेले. असे रोगी बहुधा दगावत. पण या दोघांस ताप सुद्धां नव्हता. कपडे काढतांच जखमांतून हजारों अळ्या दिसल्या, आणि त्या धुवून काढल्यावर खालीं पू न दिसतां गुलाबी, निरोगी मांस दिसलें. बेअर हें दृश्य विसरला नाहीं. बारा वर्षांनीं, म्हणजे १९२९ च्या सुमारास, बाल्टिमोर येथें हाडांत जुनाट पू झालेल्या मुलांवर त्यानें अळ्यांचा उपचार सुरू केला, व पुष्कळांच्या जखमा भरून आल्या.

धनुर्वातानें दिलेला धडा

परंतु लवकरच एक घोर विघ्न आलें. ज्यांच्या जखमेंत अळ्या सोडल्या होत्या त्यांपैकीं कांहीं रोग्यांस धनुर्वात झाला. जखम बरी करणारी अळीच आपल्या अंगावरून व पोटांतून रोगजंतु घेऊन आली होती. माशी शेणावर बसते, मेलेल्या जनावरावर बसते, आणि तींच पायें घेऊन अंडीं घालते; तेव्हां यांत नवल तें काय?

बेअर यानें प्रथम अळ्याच धुवून पाहिल्या. तें साधेना. कारण अळीच्या अंगावरचे जंतु धुतले तरी तिच्या आंतड्यांतले जंतु कसे धुणार? औषध पोटापर्यंत पोंचेल इतकें तीव्र केलें तर अळीच मरते. तेव्हां त्याचें लक्ष एक पायरी मागें, अंड्याकडे, गेलें. अंड्याला कवच असतें. मळ व जंतु असतात ते कवचावर, बाहेरच्या बाजूस. आंतला जीव अजून कांहीं खाल्लेला नाहीं, म्हणून स्वच्छ आहे. कवच बाहेरून निर्जंतुक केलें, आणि अळी निर्जंतुक भांड्यांतच फुटूं दिली, तर ती जन्मतःच शुद्ध निघेल. बेअर १९३१ सालीं वारला. त्याच वर्षीं त्याचा या विषयावरील विस्तृत लेख प्रसिद्ध झाला, आणि तेथून शुद्ध अळ्यांचा उपचार पसरला. पुढील कांहीं वर्षांत अमेरिकेंतील तीनशेंहून अधिक रुग्णालयांनीं तो स्वीकारला, आणि लेडर्ले कंपनी हजार अळ्यांची बाटली ५ डॉलरला विकूं लागली.

बाहेरचा मळ आणि आंतला मळ

हा विचार आमच्या वाचकांस परका वाटूं नये. ज्वारी पेरण्यापूर्वीं बियाण्यास गंधक चोळण्याची चाल आपल्याकडे आहे. किलोभर बियाण्यास ४ ग्रॅम गंधक पुरतें, आणि दाणेकाणीपासून पीक वांचतें. कां वांचतें? कारण काणीची काळी भुकटी मळणीच्या वेळीं निरोगी दाण्यास बाहेरून चिकटते, आणि दाण्याबरोबर मातींत जाऊन कोंबांत शिरते. गंधक तिला दाण्याच्या सालीवरच मारतें. आंतल्या अंकुरास धक्का लागत नाहीं. माशीच्या अंड्याची शुद्धि म्हणजे याहून दुसरें कांहीं नाहीं.

उलट गव्हाची काजळी पाहा. तिचें बीज फुलोऱ्यांतच दाण्याच्या आंत जाऊन बसतें. त्या बियाण्यास वरून गंधक चोळून उपयोग काय? तेथें आंतवर पोंचणारें औषध किंवा मुळांतच निरोगी बियाणें पाहिजे. रोग बाहेर आहे कीं आंत, हें ओळखल्यावांचून शुद्धि करूं जाणें म्हणजे शेत न पाहतां पाहणी लिहिण्यासारखें आहे.

अंडें धुण्याची कृति

या उपचारांत बहुतेक ठिकाणीं लुसिलिया सेरिकाटा या हिरव्या-सोनेरी झांकेच्या माशीचा उपयोग होतो. माशा जाळीच्या पिंजऱ्यांत पाळतात. त्यांस साखर व पाणी देतात आणि अंडीं घालण्यासाठीं काळजाचा तुकडा ठेवतात. एक मादी एका वेळीं सुमारें दोनशें अंडीं पुंजक्यानें घालते. प्रत्येक अंडें सुमारें एक मिलिमीटर लांब, पांढरें, तांदळाच्या कणीसारखें दिसतें.

पहिली अडचण या पुंजक्याचीच असते. अंडीं एकमेकांस चिकाट्यानें धरून असतात, आणि पुंजक्याच्या पोटांत औषध शिरत नाहीं. म्हणून सोडियम सल्फाइटसारख्या क्षाराच्या पाण्यांत हलवून तीं प्रथम सुटीं करतात. ढेकळांत दडलेल्या बियाण्यास औषध लागत नाहीं, तसाच हा प्रकार आहे.

मग येतें प्रत्यक्ष क्षालन. बेअर यानें पाऱ्याच्या क्षाराचें पाणी वापरलें. पुढें फॉर्मॅलिन आलें. आतां सोडियम हायपोक्लोराइट व तशीं दुसरीं जंतुनाशकें वापरतात. येथें सारी परीक्षा वेळेची व तीव्रतेची असते. औषध फिकें पडलें किंवा वेळ अपुरा पडला तर जंतु उरतात. औषध तीव्र झालें किंवा वेळ लांबला तर आंतला जीव मरतो. सरकीची लव तेजाबानें काढणारास हें सांगावयास नको: लव जळली पाहिजे, पण तेजाब आंतल्या अंकुरापर्यंत जातां कामा नये, आणि वेळीं भरपूर पाण्यानें धुतलें पाहिजे. अंडींही ठरलेल्या वेळानंतर निर्जंतुक पाण्यानें पुनःपुन्हा धुतात, म्हणजे औषधाचा अंश राहत नाहीं.

धुतलेलीं अंडीं निर्जंतुक कुपींत ठेवतात. साधारणतः एका दिवसांत अळ्या फुटतात. त्याच वेळीं घाण्यांतील नमुना जंतु वाढविणाऱ्या रसांत घालून उबेंत ठेवतात. रस गढूळ झाला तर जंतु उरले असें ठरून तो सारा घाणा फेंकून देतात. रस निवळ राहिला तरच माल रुग्णालयांत जातो. आमच्या मतें या कृतींतील खरी शिस्त येथें आहे. औषध घातलें म्हणून शुद्धि झाली असें कोणी गृहीत धरीत नाहीं. प्रत्येक घाण्यास कसोटी लावतात, आणि त्याची नोंद राहते.

जखमेवरचें काम व त्याची मर्यादा

या अळ्या जखमेवर ठेवतांना जेमतेम दोन मिलिमीटर असतात. दर चौरस सेंटिमीटरला ५ ते १० या हिशेबानें त्या सोडून वर बारीक जाळी लावतात, किंवा जाळीच्या पिशवींतच त्या भरून पिशवी जखमेवर ठेवतात. त्या तोंडावाटे पाचक रस सोडून मेलेलें मांस पातळ करतात व तो रस पिऊन टाकतात; त्याबरोबर जंतुही त्यांच्या पोटांत जाऊन मरतात. दोन-तीन दिवसांत त्या सेंटिमीटरभर होतात; मग त्या काढून नष्ट करतात. जखमेंत त्यांची माशी होत नाहीं, कारण कोष करण्यासाठीं अळीस ओली जखम सोडून कोरडी जागा गांठावी लागते, आणि तत्पूर्वींच तिला काढलेलें असतें.

१९४० नंतर पेनिसिलीन आलें आणि हा उपचार मागें पडला. पण पुढें जंतु औषधांस दाद देईनासे झाले, मधुमेहाच्या जखमा वाढल्या, आणि रोनाल्ड शेरमन या अमेरिकन डॉक्टरानें १९९० च्या सुमारास त्याचें पुनरुज्जीवन केलें. २००४ सालीं अमेरिकेच्या औषध प्रशासनानें अळ्यांस रीतसर परवानगी दिली, व त्याच वर्षीं इंग्लंडांतही डॉक्टरांच्या चिठ्ठीवर त्या मिळूं लागल्या.

तथापि यास रामबाण म्हणतां येणार नाहीं. इंग्लंडांत पायाच्या जुनाट व्रणांच्या २६७ रोग्यांवर झालेल्या तुलनेचे निष्कर्ष २००९ सालीं प्रसिद्ध झाले. अळ्यांनीं जखम साफ लवकर झाली. पण ती भरून येण्यास लागणारा काळ कमी झाला नाहीं, आणि वेदना अधिक झाल्या. अळी हा सफाई करणारा चाकर आहे. जखम भरून आणणें हें शरीराचें, साखर ताब्यांत ठेवण्याचें व पायाच्या निगेचें काम आहे.

वऱ्हाडांतील अंड्यांची विद्या

माशीचीं अंडीं धुण्याचा कारखाना दूर असला तरी अंड्यांच्या शुद्धीची विद्या आपल्या दाराशीं आलेली आहे. अमरावती व अकोला जिल्ह्यांतील जे शेतकरी तुती लावून रेशीमकिडे पाळतात, त्यांस अंडीपुंजांचें महत्त्व ठाऊक आहे. या अंड्यांचा पृष्ठभाग २ टक्के फॉर्मॅलिनच्या पाण्यानें निर्जंतुक करतात. म्हणजे बाहेरचा मळ जातो. परंतु पेब्रीन नांवाचा रोग मादीच्या पोटांतूनच अंड्याच्या आंत उतरतो. तो गव्हाच्या काजळीसारखा. वरून धुवून जाणारा नव्हे. फ्रान्सांत लुई पाश्चर यानें १८६५ पासून पांच वर्षें या रोगाचा पाठपुरावा करून उपाय काढला तो असा कीं, अंडीं घातल्यावर प्रत्येक मादी सूक्ष्मदर्शकाखालीं तपासावी, आणि ती रोगी निघाली तर तिचीं अंडीं नष्ट करावीं. म्हणूनच अंडीपुंज विश्वासाच्या ठिकाणाहून घ्यावे, शेजाऱ्याच्या फुटक्या कोषांतून धरूं नयेत.

दुसरें उदाहरण अकोल्याचें. १९६९ सालीं स्थापन झालेल्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषि विद्यापीठाच्या कीटकशास्त्र विभागांत ट्रायकोकार्डें तयार होतात. त्यासाठीं धान्यांतील एक पतंग ज्वारीच्या भरडीवर वाढवून त्याचीं अंडीं कार्डावर चिकटवितात. एका कार्डावर तीं सुमारें २० हजार असतात. मग त्यांवर अतिनील किरण सोडतात. येथें मात्र हेतु नेमका उलटा असतो. माशीच्या अंड्यांत आंतला जीव राखून बाहेरचे जंतु मारावयाचे असतात. पतंगाच्या अंड्यांत आंतला जीवच मारावयाचा असतो, पण अंडें ताजें राखावयाचें असतें. कारण त्या मेलेल्या अंड्यांत ट्रायकोग्रामा नांवाची सुईच्या टोंकाएवढी गांधीलमाशी आपलें अंडें घालते, आणि तिची संतति पुढें कापसावरील बोंडअळीचीं अंडीं शोधून नष्ट करते. पतंगाच्या अळ्या कार्डावर फुटूं दिल्या तर त्या शेजारचीं अंडींच खातील. हेक्टरीं दीड लाख या प्रमाणानें हीं कार्डें सकाळीं किंवा सायंकाळीं पानांच्या खालच्या बाजूस टांचतात, आणि त्या काळांत विषारी फवारा बंद ठेवतात. शुद्धि हा शब्द एक, पण कशाचें रक्षण करावयाचें व कशाचा नाश, हें प्रत्येक वेळीं निराळें असतें, हें यावरून दिसेल.

गोठ्यांतली माशी निराळी

आतां या लेखाच्या मुख्य इशाऱ्याकडे वळूं. आपल्या गुरांच्या जखमेंत पडणारे किडे पुष्कळदां रुग्णालयांतल्या माशीचे नसतात. आपल्याकडे क्रायसोमिया बेझियाना नांवाची माशी आहे. ती जिवंत जनावराच्याच जखमेच्या कांठावर अंडीं घालते, आणि तिच्या अळ्या मेलेल्या मांसावर न थांबतां जिवंत मांसांत डोकें खुपसून आंत शिरतात. वरून शेपटींचे ठिपके तेवढे दिसतात. जुवानें सोललेला खांदा, मोडलेलें शिंग, नुकत्याच जन्मलेल्या वासराची नाळ, खच्चीकरणाची जखम, सडलेलें खूर, या तिच्या आवडीच्या जागा. सहा-सात दिवसांत अळ्या पोसतात, जमिनीवर पडतात, व मातींत कोष करतात. ही माशी माणसासही सोडीत नाहीं.

येथें "अळी मेलेलें मांसच खाते" हें वाक्य सांगत बसणें म्हणजे बैल गमावणें होय. किडे दिसतांच पशुवैद्यास बोलवावें. टर्पेन्टाईनचा बोळा ठेवून बाहेर येणारे किडे चिमट्यानें काढणें, जखम धुणें, व जरूर तर आयव्हरमेक्टिनचें इंजेक्शन, हें काम त्याच्या सल्ल्यानें व्हावें. सीताफळाच्या पाल्याचा रस घालण्याची आपली जुनी चाल आहे. पण खोल गेलेल्या किड्यांस तेवढ्यावर विसंबूं नये. काढलेले किडे उकिरड्यावर फेंकूं नयेत, जाळावे. नाहीं तर त्यांच्या माशा होऊन पुन्हा गोठ्यांत येतात. आणि कापसावर मारण्याचें कीटकनाशक जनावराच्या जखमेंत कदापि ओतूं नये. तें विष जखमेंतून रक्तांत जातें. २०१७ सालीं यवतमाळ जिल्ह्यांत फवारणीच्या विषबाधेनें कित्येक शेतकरी व शेतमजूर दगावले, हें आपण विसरूं नये.

माणसाचा पाय

शेवटीं माणसाविषयीं. पऱ्हाटीचा खुंट किंवा बाभळीचा कांटा पायांत शिरला तर आपण तो काढून पुन्हा कामास लागतों. परंतु ज्यास मधुमेह आहे त्याच्या पायाची संवेदना हळूहळू जाते. जखम दुखत नाहीं, म्हणून ती दिसत नाहीं. दिसत नाहीं म्हणून ती सडते. आणि सडलेल्या जागेवर माशी येते. कुष्ठरोगानें बधिर झालेल्या पायांची हीच कथा असते. डॉ. शिवाजीराव पटवर्धन यांनीं १९४६ सालीं अमरावतीस तपोवनाचें कार्य आरंभिलें, त्या सेवेंत अशा बधिर हातापायांच्या जखमांची निगा हें मोठेंच काम असे. ज्या अवयवास दुखत नाहीं त्याची राखण डोळ्यांनीं करावी लागते.

म्हणून आमची विनंति अशी कीं, मधुमेही शेतकऱ्यानें अनवाणी वावरांत जाऊं नये. रोज रात्रीं पाय धुवून तळवे व बोटांच्या बेचक्या उजेडांत पाहाव्या, स्वतःस दिसत नसतील तर घरच्यांस पाहावयास सांगावें. धनुर्वाताचें इंजेक्शन वेळेवर घ्यावें. आणि जखमेंत एक जरी किडा दिसला तरी अमरावतीस इर्विन रुग्णालय, अकोल्यास सर्वोपचार रुग्णालय, किंवा जवळचा दवाखाना त्याच दिवशीं गांठावा. कोणी म्हणेल कीं अमेरिकेंत किडे मुद्दाम घालतात, तर त्यास विचारावें: तें अंडें कोणीं धुतलें? कोणत्या माशीचें होतें? त्याचा घाणा कसोटीस उतरला काय? या तीन प्रश्नांचें उत्तर ज्या किड्यापाशीं नाहीं, तो वैद्य नव्हे, चोर आहे. त्यास घरांत ठेवूं नये.

निसर्गांत वाईट तेवढें वाईटच असें नाहीं. ज्या माशीनें धनुर्वात आणला तिच्याच धुतलेल्या अंड्यांतून पाय वांचविणारा चाकर निघाला. ज्या पतंगानें धान्य नासलें त्याच्याच अंड्यांवर कापसाचा रक्षक पोसला जातो. परंतु मधल्या अंतरांत माणसाची शिस्त आहे: रोग बाहेर कीं आंत हें ओळखणें, मोजून औषध देणें, वेळ पाळणें, आणि काम झालें असें न मानतां तें तपासणें. ज्वारीस गंधक चोळणाऱ्या शेतकऱ्यास ही शिस्त नवी नाहीं. तीच त्यानें आपल्या गोठ्यांत व आपल्या पायासाठींही पाळावी, एवढीच आमची इच्छा आहे.